दोघांच्या गाडीची दुसरी किल्ली

थोरला बेकरीत भट्टीवर पाव भाजायचा आणि धाकटा बंद पडलेल्या लिफ्ट चालू करून द्यायचा. सख्खे भाऊ, राहायला एकाच इमारतीत. थोरला तळमजल्यावर आणि धाकटा बरोबर त्याच्या डोक्यावर. वर खुर्ची सरकली की खाली कळायचं आणि खाली मिरची भाजली की वर ठसका लागायचा. इतकं जवळचं नातं सगळ्यांच्या नशिबी नसतं, आणि नसतं तेच बरं, असं थोरल्याची बायको म्हणायची.

दोघांत मिळून एक मोटारसायकल होती. ती वडिलांची. काळी, जड, जुन्या बांध्याची. किक मारण्याआधी तिची जरा समजूत काढावी लागे, आणि एकदा का ती बोलायला लागली की गल्लीच्या टोकाला झोपलेली कुत्री डोळे न उघडताच शेपूट हलवत. वडील पाणीपुरवठ्याच्या पंपावर होते. मुळात गाडीच्या किल्ल्या दोन. पण एकदा विहिरीत वाकून पाण्याची पातळी बघताना एक किल्ली त्यांच्या वरच्या खिशातून सुटली ती थेट तळाला. माणूस असा की, त्याचंही त्यांनी भांडवल केलं. घरी कुणी पाहुणा आला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावला की हे म्हणायचे, "प्या, प्या! अख्खं गाव आमच्या किल्लीचं पाणी पितंय, तुम्हीच का मागे?"

उरली एक किल्ली. मुलं हाताशी आली, दोघांनाही गाडी लागू लागली, तेव्हा वडिलांनी नियम घातला: किल्ली हातातून हातात द्यायची. खिळ्याला लावायची नाही, टेबलावर ठेवायची नाही, बायकोबरोबर पाठवायची नाही. यात फार मोठा विचार होता असं समजू नका. धाकट्यानं एकदा ती "नीट" ठेवली होती आणि सगळं घर पालथं घातल्यावर ती गच्चीतल्या पाण्याच्या टाकीच्या झाकणावर सापडली होती. शोधताना दोघा भावांनी एकमेकांचा असा उद्धार केला होता की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. त्यानंतरचा हा नियम.

वडील गेले. कपाट थोरल्याकडे गेलं, घड्याळ धाकट्याकडे. गाडीचे काही दोन तुकडे करता येत नव्हते. पण वेळा अशा जुळल्या की करायची गरजच पडली नाही. थोरला पहाटे गाडी घेऊन भट्टीवर जायचा, सकाळचा माल निघाला की परत यायचा. तोवर धाकटा हत्यारांची पिशवी खांद्याला लावून पायऱ्यांपाशी उभा. किल्ली याच्या हातातून त्याच्या हातात. संध्याकाळी धाकटा परत आला की पुन्हा तेच, उलट्या बाजूनं. देता-घेता दोन शब्द व्हायचे. "मागच्या चाकात हवा कमी आहे." "आज मुलीला ताप आहे रे." "दादा, तुझ्या केसात मैदा आहे, म्हातारा दिसतोस." "म्हाताराच झालोय." एवढंच. पण रोजचं.

मग तो केक झाला.

धाकट्याच्या मुलीचा वाढदिवस होता. थोरल्यानं मालकाची परवानगी काढली आणि भट्टी विझायच्या आधी स्वतःच्या हातानं केक केला. पावाच्या भट्टीत केक करणं म्हणजे बैलगाडीतून आरसा नेण्यासारखं काम; सारखं झाकण उघडून बघावं लागतं, आणि सारखं उघडलं तर तो बसतो. तरी जमला. वर गुलाबी साखरेची फुलं काढली. ती फुलं जरा कोबीसारखी झाली हे खरं, पण काढली. तो केक दोन्ही हातांवर घेऊन, एकेक पायरी चाचपत तो वर गेला, तर टेबलावर दुसराच केक कापून झालेला. दुकानातला, गुळगुळीत, चकचकीत. पाहुणे बशा घेऊन उभे. आणि धाकटा हसत हसत, चारचौघांत म्हणाला, "अरे दादा, तुझ्या भट्टीत केलंस की सगळ्याला पावाचाच वास येतो. म्हणून म्हटलं, उगाच तुला कशाला त्रास!"

सगळे हसले. बोलणारा हसवण्यासाठीच बोलला होता. थोरलाही हसला. मग म्हणाला, "बरं बरं," आणि केक तसाच घेऊन खाली आला.

खाली तो केक नवराबायको कितीतरी दिवस चहाबरोबर खात होते. शेवटी शेवटी बायको म्हणाली, "अहो, राग तुमचा, आणि जड माझ्या पोटाला."

त्या दिवसापासून दोघांचं बोलणं बंद. भांडण झालं असतं तर मिटलंही असतं. झालंच नाही, तर मिटवायचं काय? धाकटा बायकोजवळ म्हणाला, "एवढं काय मनाला लावून घ्यायचं? येईल आपणहून." थोरला बायकोजवळ म्हणाला, "त्याला काही वाटत असेल तर येईल की आपणहून." एक वर बसून वाट बघायचा, एक खाली बसून. मधे फक्त छत.

पण किल्ली होती ना! ती रोज द्यावी लागायचीच. सकाळी धाकटा पायऱ्यांपाशी उभा राही. थोरला गाडी लावून किल्ली पुढे करी. पूर्वी जे होऊन जायचं आणि लक्षातही यायचं नाही, ते आता डोंगराएवढं झालं. धाकट्याची बोटं किल्लीला लागत, हाताला लागत नसत. थोरल्याला वाटे, आता हा काहीतरी बोलेल. तो नजर वर करी, तोवर त्यानं किक मारलेली असे. संध्याकाळी पुन्हा तेच. भट्टीपुढे उभं राहूनही थोरल्याला तो पुढे आलेला पंजा दिसायचा. पाव करपू लागले. मालक म्हणाला, "दादा, लक्ष कुठंय? गिऱ्हाईक म्हणतंय, कोळसा वेगळा आणि पाव वेगळा द्या."

भाऊ तुटतोय, हे थोरल्याला कळत होतं. त्याला भाऊ हवा होता. पण त्याच्यासमोर रोज उभं राहून न बोलण्याची ती घटका त्याला सोसत नव्हती. आणि माणूस कधी कधी दुखऱ्या दातासाठी अख्खा जबडाच बांधून ठेवतो, तसं त्यानं केलं. ठरवलं, दुसरी किल्ली करून घ्यायची. म्हणजे समोर यायलाच नको.

बंद पडलेल्या सिनेमागृहाच्या भिंतीला लागून किल्लीवाल्याची टपरी होती. टपरीभर टांगलेल्या किल्ल्या वाऱ्यानं वाजायच्या, म्हणून सगळे त्याला खुळखुळे मामा म्हणत. एका सकाळी भट्टीवरून परत येताना थोरल्यानं गाडी मुद्दाम लांब, दोन गल्ल्या अलीकडे लावली. कारण टपरीच्या समोरच लिफ्टचे सुटे भाग विकणारं दुकान, आणि तिथं धाकट्याच्या कामावरची दोस्तमंडळी चहाला बसलेली असायची.

मामानं किल्ली हातात घेतली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला, आणि खदखदून हसला.

"ही किल्ली होय? हे किल्लीचं म्हातारपण आहे! दात बघा की हिचे. एक धड नाही."

"चालते की अजून."

"चालणारच. ही झिजली तसं आतलं कुलूपही झिजलंय. जन्माची सोबत आहे, एकमेकांना सांभाळून घेतात. पण हिच्यावरून नवी काढली तर ती आजारी माणसाच्या फोटोवरून माणूस बनवल्यासारखी होईल. गाडी आणा. कुलपात घालून, घासून, बघून करतो."

"गाडी नाही आणता येणार."

"का? चोरीची आहे?"

"माझीच आहे." थोरला जरा थांबला. "म्हणजे, आमची."

मामानं वर बघितलं. आणखी विचारलं असतं, पण समोरच्या दुकानातून कुणीतरी "मामा, चहा!" म्हणून ओरडलं आणि थोरला पटकन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मामानं खांदे उडवले. मशीन घरघरलं, पितळेचा भुगा उडाला. मग कानस घेऊन त्यानं अंदाजानं इथं थोडं, तिथं थोडं घासलं. मानेपाशी जरा जास्तच घासलं गेलं, तेव्हा "हं" म्हणाला आणि किल्ली फडक्याला पुसून दिली.

"हळू वापरा. जोर करू नका. अडली तर हलवून बघा. आणि गाडी आणाच."

थोरल्यानं मान हलवली आणि दोन्ही किल्ल्या वेगवेगळ्या खिशांत घातल्या. परत येताना त्याला उगाचच वाटत राहिलं की आपण कुणाच्या तरी घरातून काही उचलून आणलंय.

त्या सकाळी त्यानं जुनी किल्ली नेहमीसारखी धाकट्याच्या हातात दिली. संध्याकाळी धाकटा परत आला. गाडी लावली, हँडल डावीकडे वळवून कुलूप केलं आणि किल्ली हातात धरून पायऱ्यांपाशी थांबला. थोरला आत, खिडकीच्या पडद्याआड. दिवासुद्धा लावला नाही. धाकट्यानं दाराकडे बघितलं. खोकला. मुद्दाम खोकल्यासारखा खोकला. मग बूट आपटून माती झाडली. थोरल्याच्या बायकोनं खुणेनं विचारलं, जा ना! त्यानं खुणेनंच सांगितलं, गप. बऱ्याच वेळानं वर चढत जाणारी पावलं ऐकू आली. नेहमीपेक्षा हळू.

पहाटे थोरल्यानं नव्या किल्लीनं गाडी काढली. अडली, हलवली, निघाली. गल्लीच्या तोंडापर्यंत ढकलत नेली आणि तिथं किक मारली.

सकाळी तो परत आला तेव्हा धाकटा रस्त्याच्या मधोमध उभा होता. पायात चप्पल नाही. अंगात घरातला सदरा, एका हातात फोन, दुसऱ्या हाताच्या तळव्यात ती किल्ली. शेजारचे दोघे-तिघे भोवती जमलेले, एकजण हातवारे करून सांगतोय, "मी तर म्हणतो, टोळी आहे." आणि त्यांच्या अंगावर ती काळी गाडी फटफट करत आली, वर थोरला बसलेला.

धाकट्यानं गाडीकडे बघितलं. मग स्वतःच्या तळव्याकडे बघितलं. मूठ मिटली. शेजाऱ्यांना म्हणाला, "सापडली," आणि वर निघून गेला.

तेवढी नजर थोरल्याला पुरली. भट्टीचा चटका त्याला नवा नव्हता. हातभर डाग होते. पण हा चटका कुठं बसलाय तेच सापडत नव्हतं. बायको म्हणाली, "झालं मनासारखं?" त्यावर तो म्हणाला, "सोयीचं पडतं." बायकोनं त्याच्याकडे असं बघितलं की त्यानं पुन्हा तो शब्द काढला नाही.

आता खरोखरच समोर यायची गरज उरली नाही. एक गाडी लावून आत जाई, मग दुसरा बाहेर येऊन घेऊन जाई. जुन्या शोभेच्या घड्याळात लाकडी बाहुला आत गेला की बाहुली बाहेर येते, तसलं चाललेलं. मागच्या चाकात हवा कमी झाली तरी सांगायचं कुणी कुणाला? थोरला वाट बघे धाकट्यानं भरायची, धाकटा थोरल्यानं, आणि गाडी बसलेल्या चाकावर लंगडत दोघांनाही वाहून नेई. वर मुलगी आजारी पडली, ते थोरल्याला वाण्याकडून कळलं. सख्ख्या पुतणीचा ताप वाण्याकडून! तो घरी आला, जिन्याच्या कठड्यावर हात ठेवला, आणि पुन्हा काढून घेतला.

मग एका पहाटे ते झालं. अंधूक उजेड, हवेत गारवा. धाकट्यानं रात्री हँडल जरा आवळूनच कुलूप केलं होतं. थोरल्यानं किल्ली घातली. अडली. हलवली. तरी अडली. भट्टीवर पीठ फुगून वाट बघत होतं, आणि मामाचं सांगणं डोक्यातून गेलं. जोर केला. कट्ट असा बारीक आवाज आला, आणि हातात राहिली किल्लीची नुसती टोपी. बाकीची आत, कुलपाच्या घशात.

त्यानं बायकोचा केसांचा चाप आणून कोरलं. चिमटा घालून बघितला. तुकडा बाहेर यायचा तो आणखीच आत गेला. हँडल डावीकडे वळलेलं, तसंच घट्ट. गाडी पुढे ढकलली तर सरळ जायचं नाव नाही, जागच्या जागी गोल फिरायला लागली. दावणीला बांधलेल्या जनावरासारखी.

आता धाकट्याला सांगायला हवं होतं. त्याचं कामावर जाणं होतं, त्याच्याकडे चांगली किल्ली होती, आणि ती आत जाणार नव्हती. थोरला जिना चढू लागला. अर्ध्यावर थांबला. हातात ती टोपी. दार उघडल्यावर आधी हीच दाखवावी लागणार: ही बघ, तुझ्यापासून तोंड लपवायला करून घेतली होती, मोडली. वरच्या दाराखालून दिव्याची फट दिसत होती. आतून मुलीचा खोकला आला. तो तसाच उभा राहिला, आणि मग पाठ न वळवता, मागच्या मागे एकेक पायरी खाली आला.

भट्टीवर तो चालत गेला. पोचला तोवर पीठ परातीबाहेर आलं होतं. मालक जे बोलायचं ते बोलला. थोरल्याच्या कानात काहीच शिरलं नाही.

सकाळी तो परत आला तेव्हा धाकटा गाडीशेजारी जमिनीवर बसला होता. हत्यारांची पिशवी उघडी, बारीक आकडी कुलपात घातलेली, कपाळावर ग्रीसचा पट्टा. थोरल्याची पावलं त्यानं ओळखली असावीत. मान वर केली नाही.

"आत तुकडा आहे," तो म्हणाला.

"हो."

"पहाटेच मोडली?"

"हो."

"आणि तू चालत गेलास."

थोरल्यानं मोडक्या टोपीसकट हात खिशात घातला.

"कुणाकडून करून घेतलीस?"

"खुळखुळ्याकडून."

"गाडी नेली होतीस त्याच्याकडे?"

"नाही."

"मग मोडणारच." धाकट्यानं आकडी पिशवीत फेकली. फोन काढला, कुणाला तरी सांगितलं की मला उशीर होतोय, तिथल्या माणसांना म्हणावं जिन्यानं चढा. मग उभा राहिला, हात पँटला पुसले. "न्यायला लागेल. पुढचं चाक उचलून. एकट्याचं काम नाही. धर पुढनं."

थोरल्यानं पुढचं चाक उचललं. धाकटा मागून ढकलू लागला. जुनी गाडी, लोखंडाची, आणि वाट चांगली लांबची. थोरला उलटा चालत होता, त्याला पुढचं काही दिसत नव्हतं. सांगणं धाकट्याकडे होतं. "डावीकडे घे." "थांब." "आता उतार आहे." "थांब म्हटलं ना!" भाजीवाली ओरडली, "अहो, गाडीवर माणसं बसतात, माणसांवर गाडी नाही!" दोघांनाही हसू आलं, आणि दोघांनीही ते तोंड फिरवून गिळलं.

वळणावर दम खायला थांबले. धाकटा मागच्या मडगार्डवर हात टेकून म्हणाला, "त्या सकाळी मला वाटलं, गाडी चोरीला गेली."

"हं."

"पहिलं मनात काय आलं माहितीये? म्हटलं, दादा भट्टीवर चालत गेला असेल. गुडघा दुखतो त्याचा. मला उठवायचं तरी." त्यानं घाम पुसला. "किल्ली माझ्याकडे आणि गाडी नाही. मी तुझी काळजी करत उभा होतो दादा, अनवाणी, त्या सगळ्या लोकांत."

थोरल्याला सांगायचं खूप होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "सगळे हसले होते त्या दिवशी."

"कुठल्या दिवशी?" मग धाकट्याला कळलं. "बोलायला नको होतं मी. पण तो केक मी चाखलासुद्धा नाही. पोरगी रडली होती, काकांचा केक कुठं गेला म्हणून. तू खाली घेऊन गेलास."

हे थोरल्याला माहीत नव्हतं. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि त्यानं कुणाला विचारलंही नव्हतं. "मुलीचा खोकला कसाय?" असं विचारायला त्यानं तोंड उघडलं, पण धाकट्यानं मागून ढकललं होतं. "उचल, ऊन चढतंय."

मामानं गाडी बघितली, थोरल्याला बघितलं, आणि "मी काय म्हणालो होतो?" एवढं म्हणून ड्रिल काढलं. तुकडा निघाला, पण कुलूपही गेलं. म्हणाला, सगळा सेटच बदलावा लागेल. आतून खोका काढला, कुलपं बसवली, तेल सोडलं, आणि नव्या सेटबरोबर आलेल्या दोन किल्ल्या तळव्यावर घेऊन दोघा भावांसमोर उभा राहिला.

"एकाच कडीत घालू, की वेगवेगळ्या?"

थोरल्याच्या जिभेवर शब्द तयार होता. एकाच. अगदी टोकाला होता. त्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकट्यानंच म्हणायला हवं होतं, त्या सकाळी रस्त्यात अपमान त्याचा झाला होता. धाकटाही थोरल्याकडेच बघत होता. मोठा दादा होता, आणि दुसरी किल्ली त्यालाच हवी झाली होती. दोघे थांबले. मामा एकदा याच्या तोंडाकडे, एकदा त्याच्या तोंडाकडे बघू लागला. मागे एक बाई कुलूप घेऊन खोळंबली होती, ती म्हणाली, "अहो, होऊ द्या की!"

"वेगवेगळ्या," धाकटा म्हणाला.

मामानं दोन कड्या काढल्या. धाकट्यानं एक किल्ली गाडीला लावली, गाडी रस्त्यावर घेतली, किक मारली. मग हँडल धरून जरा घुटमळला.

"सोडू का घरी?"

"नको. तुला उशीर झालाय. चालत जातो."

धाकट्यानं मान हलवली आणि तो गेला. वळणापर्यंत आवाज येत राहिला, मग गर्दीत मिसळला. थोरला दुखरा गुडघा सांभाळत, नवी किल्ली मुठीत घेऊन घराकडे निघाला. आपण "सोड" का म्हणालो नाही, याचं उत्तर त्याला सबंध वाटेत सापडलं नाही.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. वरच्या खिडकीतून तिनं दोघांना गाडी उचलून नेताना बघितलं होतं. वर ती पुतणीला बघायला गेली होती, नवऱ्याला न विचारता.

"बोलला का?"

"बोलला."

"काय बोलला?"

थोरला पुसलेल्या पाटीसारखा चेहरा करून खुर्चीत बसला. "डावीकडे घे म्हणाला. थांब म्हणाला." मग बऱ्याच वेळानं, "घरी सोडू का म्हणाला."

"मग?"

"मी म्हटलं, चालत जातो."

बायकोनं हातातली घडी मोडली, पुन्हा घातली. वर मुलगी खोकली. दोघांनीही छताकडे बघितलं.

"उठा," बायको म्हणाली, "पोरीला ताप आहे अजून. तो घरात नाही, ती घरात आहे. तिच्यापुढे तरी काय मान-अपमान?"

थोरला उठला. हात धुतले. कोपरापर्यंत घासून घासून धुतले, तरी मैदा नखांत राहिलाच. दारापाशी जाऊन चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या.

"रिकाम्या हातानं जाऊ?"

"तसेच जा," ती म्हणाली, आणि तो जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढेपर्यंत दार धरून उभी राहिली.